जुन्नर तालुक्याचा आरंभीचा इतिहास: कोणती माहिती पक्की धरावी?

ओतूरकर_वाचक

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयासाठी जुन्नर तालुक्यावर ३२ पानांची पुस्तिका तयार होते आहे. वाचणारे म्हणजे आठवी-नववीची मुलं आणि गावकरी. निम्मी पानं जुन्या इतिहासाला, उरलेली नद्या, धरणं, किल्ले, बाजार यांना. माहिती भरपूर मिळते, पण एकाच गोष्टीची तीन तीन सालं सापडतात. पुढची विधानं छापावीत का, ते जाणकारांनी सांगावं.

जुन्नर म्हणजेच परदेशी लेखकांनी सांगितलेलं ‘तगर’ नगर. बोरीला १४ लाख वर्षांपूर्वीची ज्वालामुखीची राख आहे. नाणेघाटातला दगडी रांजण सातवाहनांनी जकातीसाठी खोदला. शिवनेरी महाराजांनी पुढे जिंकून स्वराज्यात आणला. ओझरचं देऊळ चिमाजी अप्पांनी १७८५ मध्ये बांधलं.

शिवाय एकेका गावाचे जुने कागद कुठे मागायचे आणि मोडी कागदावरची तारीख आपल्या सालात कशी आणायची, हेही हवं आहे.

---

घाटमाथा

तुमच्या पाच विधानांपैकी एकही आहे तसं छापू नका. आधी जुन्या काळाचं बोलतो.

बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठच्या थरांत राख आहे, आणि त्याच परिसरात अश्मयुगीन दगडी हत्यारंही मिळाली आहेत. इथवर निर्विवाद. ही राख सह्याद्रीच्या ज्वालामुखीची मात्र नाही. आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, त्याचा या राखेशी काही संबंध नाही. ती वाऱ्याबरोबर आली ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून. भांडण आहे ते कोणत्या स्फोटातून आली यावर. एक मत तिला कित्येक लाख वर्षं मागे, अगदी १४ लाखांपर्यंत नेतं. दुसरं मत ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या टोबाच्या शेवटच्या महास्फोटातली मानतं. दोन्ही मतं द्या. ‘१४ लाख वर्षांपूर्वी जुन्नरला माणूस राहत होता’ असं वाक्य लिहायचं टाळा, कारण त्यात राखेचं वय आणि हत्याराचं वय एकच धरलं जातं. नदीकाठचा गाळ वाहतो, पुन्हा साचतो. दगड कोणत्या थरात बसलेला होता हे ठरल्याशिवाय राखेचं वय त्याला चिकटवता येत नाही.

‘तगर’ वगळा. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरसाठी तो तर्क मांडला होता. पुढे १९०१ मध्ये लेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी तगर म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे दाखवलं आणि ते मान्य झालं. जुन्या पुस्तकांवरून उतरवलेल्या लेखांत जुनं मत अजून फिरतं आहे.

नाणेघाटाला मात्र सढळ हाताने पानं द्या, कारण एवढा पुरावा महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आहे. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात डाव्या आणि उजव्या भिंतीवर मिळून वीस ओळींचा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्या काळातला हा लेख. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना नमन, मग अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी. एका ठिकाणी १,७०० गाई आणि १० हत्ती, दुसऱ्या ठिकाणी २४,४०० कार्षापण (त्या काळची नाणी). भारतातल्या अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत हे आकडे धरले जातात, म्हणून मुलांसाठी ही गोष्ट विशेष. गणिताच्या तासालाही चालेल. मागच्या भिंतीवर आठ प्रतिमा होत्या आणि वर नावं कोरलेली होती. त्यांत सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी ही नावं वाचता येतात. प्रतिमा गेल्या, पावलांच्या खुणा उरल्या. लेखाच्या काळाबद्दल जुने लिपितज्ज्ञ ब्यूलर इ.स.पू. दुसरं शतक म्हणतात, पुढचे बरेच अभ्यासक पहिलं. ‘इ.स.पू. दुसरे ते पहिले शतक’ असं लिहिलंत की कुणाला खोडता येणार नाही.

आता रांजण. घाट व्यापाराचा होता, कल्याण-सोपाऱ्याचा माल इथून वर चढत होता, त्यामुळे जकात घेतली जात असेल हे रास्त अनुमान आहे. पण रांजणावर तसा लेख नाही आणि भिंतीवरच्या लेखात जकातीचा उल्लेख नाही. ‘जकातीचा रांजण अशी परंपरा’ एवढंच म्हणा.

---

लेणी_आणि_लेख

वरच्या उत्तरात लेणी राहिली, ती जोडतो.

जुन्नरभोवती डोंगरांत दोनशेच्या वर खोदकामं आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी देशात दुसरीकडे सापडणं कठीण. गट असे: पाडळीजवळची तुळजा लेणी, शिवनेरीच्या कड्यातली, दक्षिणेकडे मानमोडी (भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग असे तिचे तीन भाग), आणि उत्तरेला लेण्याद्री. तुळजाला वेळ राखून ठेवा. तिथलं चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनागृह) गोल आहे आणि स्तूपाभोवती बारा अष्टकोनी खांब आहेत. पुढे सगळीकडे लांबट, मागे अर्धगोल असा आराखडा रूढ झाला, हा त्याच्या आधीचा प्रकार.

लेण्याद्रीला पायऱ्या सुमारे तीनशे. गिरिजात्मज गणपती ज्यात आहे ते सातवं लेणं मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार, म्हणजे राहण्याची जागा: मधे खांब नसलेलं मोठं दालन आणि कडेने २० खोल्या. शेजारचं सहावं लेणं चैत्यगृह. त्यावर कल्याणच्या एका हेरणिकाच्या, म्हणजे खजिनदाराच्या, सुलसदत्त नावाच्या मुलाचा दानलेख आहे. पुस्तिकेत दोन्ही सांगा, विहारही आणि अष्टविनायकातलं स्थानही. एक लपवून दुसरं सांगितलं की वाचक जागेवर जाऊन गोंधळतो, कारण खोल्या तर समोर दिसतात.

लेखांतली माणसं सांगितलीत तर तुमची पानं जिवंत होतील. ‘यवन’ (त्या काळी ग्रीक किंवा पश्चिमेकडचे परदेशी) म्हणवणारे तीन दाते आहेत: इरिल याने पाण्याची दोन टाकी दिली, चिट याने भोजनमंडप, चंद याने लेण्याचं दर्शनी दार. धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि टाकं खोदवलं. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवून तिच्या उत्पन्नातून भिक्षूंचा खर्च चालवल्याचे लेख आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथे कारागिरांच्या संघटना होत्या आणि लोक त्यांच्याकडे विश्वासाने पैसे ठेवत होते.

‘जुन्नर कायम सातवाहनांचंच’ हेही टाळा. मानमोडीला महाक्षत्रप (शक राजघराण्यातला राजा) नहपानाचा अमात्य अयम याचा मंडप आणि टाक्याचा दानलेख आहे, वर्ष ४६. हे वर्ष शकाचं धरलं तर इ.स. १२४ येतं. नहपानाच्या स्वतःच्या कारकिर्दीचं मानणारेही आहेत. कसंही धरलं तरी मधल्या काळात हा मुलूख क्षत्रपांकडे होता, हे त्या दगडावरच लिहिलेलं आहे.

फोटोंबद्दल. भर दुपारी समोरून काढलेल्या फोटोत अक्षर उमटत नाही. सकाळी किंवा उतरत्या उन्हात काढा, अंधाऱ्या भिंतीवर विजेरी भिंतीला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे खोबणीत सावली पडते. खडू, पीठ, तेल, पाणी काहीही लावायचं नाही. खडूची पूड बारीक छिद्रांत बसते आणि पुढच्या वाचकाला खोटी रेघ दाखवते. शाईचा ठसा पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय घेता येत नाही.

---

किल्ले_नोंद

मध्ययुगाचं मी सांगतो, मोजकंच.

१४७० च्या आसपास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरून पाली, उमरी करत जुन्नरला आला आणि पावसाळाभर राहिला. इथल्या असदखानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदलायला सांगितलं, अखेर एका खोरासानी माणसाच्या रदबदलीने घोडा सुटला. हे त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. तो नाणेघाटाने आला असं काही ठिकाणी छापलेलं दिसतं, पण चौल-पाली ही वाट दक्षिणेची आहे, ते जोडू नका.

१४९० मध्ये मलिक अहमदने जुन्नरहून निजामशाही उभी केली. अहमदनगर शहर वसलं १४९४ मध्ये. म्हणजे निजामशाहीचं पहिलं ठाणं जुन्नर. तालुक्यातले दोन किल्ले त्याच घराण्याच्या कैदखान्यांमुळे लक्षात ठेवण्याजोगे: चावंडवर लहानगा बहादूर निजामशहा अडकवून ठेवला होता, आणि जीवधनवरून त्याच घराण्यातल्या मुर्तझाला सोडवून शहाजीराजांनी पेमगिरीला गादीवर बसवलं.

महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य ३ शके १५५१, १९ फेब्रुवारी १६३०. १८८५ च्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये १६२७ दिसेल. ते जेधे शकावली (शिवकाळातल्या घटनांची तारीखवार जुनी नोंद) १९१६ मध्ये प्रसिद्ध होण्याआधीचं मत. जुन्या ग्रंथातून उतरवताना हे साल हमखास आत शिरतं.

शिवनेरीचं तुमचं विधान चुकीचं आहे. निजामशाही बुडाल्यावर किल्ला मोगलांकडे गेला आणि महाराजांच्या हयातीत तो स्वराज्यात आला नाही. १६७० च्या दशकात घेण्याचे प्रयत्न झाले, ते फसले. लोकांची गल्लत होते ती १६५७ मुळे. त्या वर्षी ३० एप्रिलच्या रात्री महाराजांनी दोराच्या शिड्या लावून जुन्नर शहरावर छापा घातला, तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले. शहर लुटलं, किल्ला घेतला नव्हता. फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७५ मध्ये मोगल अंमलदाराच्या बोलावण्यावरून जुन्नरला आला होता, तेव्हाही वर मोगलच होते. मराठ्यांकडे किल्ला आला तो अठराव्या शतकात, आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत शिवनेरी आहे, एवढं शेवटी टाका.

चढताना लागणारे सात दरवाजे क्रमाने: महादरवाजा, गणेश किंवा परवानगीचा, पीर, हत्ती, शिपाई, फाटक, कुलाबकर. साखळीची वाट वेगळी, पलीकडच्या बाजूने. लहान मुलांना तिकडून नेऊ नका.

ओझर: वसई १७३९ च्या मेमध्ये पडली, चिमाजी अप्पा १७४० च्या डिसेंबरात वारले. १७८५ आणि चिमाजी अप्पा एका वाक्यात बसूच शकत नाहीत. दोन वेगळ्या बांधकामांची माहिती कुणीतरी एकत्र केली असणार. ‘वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी जीर्णोद्धार केल्याचे सांगतात’ असं लिहून साल सोडून द्या.

---

मोडी_दप्तर

गावाच्या कागदांसाठी खालून वर जा. थेट पुण्याच्या पुराभिलेखागारात जाऊन गावाचं नाव सांगितलं तर हाती काही लागत नाही. तिथले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) गाववार लावलेले नाहीत, प्रांत आणि तरफ (गावांचा गट) यांनुसार आहेत.

पहिली पायरी तालुक्याचं भूमी अभिलेख कार्यालय: सूड, कडईपत्रक, बोटखत, शेतवार पत्रक, आकारबंद आणि गाव नकाशा. इंग्रजी मोजणीच्या वेळचे हे कागद, आणि जुने बहुतेक मोडीत. यांतून शेतांची जुनी नावं, धारेवाले (सारा भरणारे) आणि इनामदार कळतात. दुसरी पायरी तहसीलचा अभिलेख कक्ष: गाव नमुना ३ म्हणजे दुमाला (इनामी) जमिनींची नोंदवही, नमुना ६ म्हणजे फेरफार, नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद, कोतवाल बुक. नमुना ३ आधी मागा. देवस्थान इनाम, महार वतन, पाटीलकी यांची सनद कोणत्या सालची हे बहुधा तिथे असतं, आणि ते साल हाती आलं की पुराभिलेखागारात कोणत्या काळाचा रुमाल मागायचा ते ठरतं. अर्जात गावाचं नाव ‘बुद्रुक’ की ‘खुर्द’ हे लिहा, नाहीतर शेजारच्या गावाचे कागद निघतात.

तरफ ओळखायला नदी बघा. मिन्नेर मीनेच्या खोऱ्यातलं, घोडनेर घोडच्या, भीमनेर भीमेच्या. आजच्या तालुक्याची हद्द आणि जुन्या प्रांत जुन्नरची हद्द एक नाही. इंग्रजी काळात आंबेगाव पेटा खेडकडे होता, तेव्हा सीमेवरच्या गावांची नोंद दोन ठिकाणी शोधावी लागते.

आता तारीख. पेशवाईतल्या कागदावर बहुधा शुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत, एकं आधी: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०. मग अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १००, मयातैन २००, अलफ १०००. बेरीज करून त्यात ५९९ मिळवा. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला लागतं, म्हणून जानेवारी ते मे मधल्या कागदाला ६०० मिळवायचे. चुका होतात त्या सलास-सलासीन आणि सबा-सबैन यांत. शेवटचा ‘न’ मोडीत आखूड निघाला की सन तीसचा कागद सन तीनचा होतो. फसली सन असेल तर दख्खनच्या हिशेबाने ५९० किंवा ५९१ मिळवा, शक असेल तर ७८ किंवा ७९.

जमिनीची मापं: २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चावर. धान्यात १२ पायल्यांचा मण, २० मणांची खंडी. काठीची लांबी जागोजाग बदलते, त्यामुळे चावराचं एकरांत रूपांतर करून छापू नका. मूळ आकडा तसाच ठेवा.

---

ओतूरकर_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. मोडी_दप्तर, एका देवस्थानाच्या नक्कलपत्रावर ‘सन सलास सबैन मया व अलफ, छ १५ सफर’ असं आहे. ११७३ अधिक ५९९ म्हणजे १७७२. थोरल्या माधवरावांच्या काळातलं, असं लिहिलं तर चालेल ना?

---

मोडी_दप्तर

नाही चालणार. ११७३ बरोबर, पण तो सन जून १७७२ ते मे १७७३ असा चालतो. ‘छ’च्या पुढे चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना असतो. त्या काळात सफर एप्रिल-मे मध्ये येत होता, म्हणून तो शुहूर वर्षाच्या शेवटाला पडतो. इथे ६०० मिळवायचे. १५ सफर म्हणजे ८ मे १७७३ च्या आसपास, नेमका दिवस जंत्रीत (तारखांच्या तक्त्यांच्या पुस्तकात) पाहून घ्या. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला वारले होते, तेव्हा हा कागद नारायणरावांच्या कारकिर्दीतला. आणखी एक: नक्कल आहे म्हणता, तर ती कधी केली ते शेवटी किंवा पाठीवर असेल. मजकुराचा सन आणि नकलेचा सन दोन्ही द्या.

---

कुकडी_काठ

दुसऱ्या निम्म्यासाठी थोडं. ‘कुकडी प्रकल्पाची पाच धरणं जुन्नर तालुक्यात’ असं लिहितात, त्यात एक दुरुस्ती: माणिकडोह आणि येडगाव कुकडीवर, वडज मीनेवर, पिंपळगाव जोगा आर नदीवर. पाचवं डिंभे घोड नदीवर आहे आणि ते आंबेगाव तालुक्यात. मांडवीवरचं चिल्हेवाडी यापेक्षा निराळं. कुकडीचा उगम पूर गावाजवळ, तिथे कुकडेश्वराचं देऊळ. शिलाहार राजा झंझाने बारा नद्यांच्या उगमाशी बारा शिवालयं बांधली अशी परंपरा आहे आणि हे त्यांतलं मानतात. नक्षी पाहायला मुलांना जरूर न्या.

पाऊस एका आकड्यात देऊ नका. नाणेघाट-माळशेजकडे धो धो आणि आणे-बेल्ह्याच्या पठारावर टंचाई, हे एकाच तालुक्यात. सरासरी काढली की दोन्हीकडचं खोटं ठरतं.

जुन्नरी कागद विसरू नका. इथे हातकागद बनत होता आणि मराठी दप्तरांत तो वापरला गेला. मोडी_दप्तर सांगतात ते कागद चाळताना पान उजेडात धरून पाहा, चाळणीच्या काड्यांच्या बारीक समांतर रेघा दिसतात. गिरणीच्या कागदावर ‘जुनी सनद’ असेल तर ती नक्कल.

नारायणगावाजवळ हिवऱ्याला एकोणिसाव्या शतकात डॉ. गिब्सन यांच्या देखरेखीखाली सरकारी वनस्पती-बाग होती, औषधी झाडं लावत. आर्वीचं उपग्रह भूकेंद्र १९७१ चं, परदेशी दळणवळणासाठीचं देशातलं पहिलं. खोडदची रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या: १४ मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरात, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना २५ किलोमीटरच्या टापूत. सगळ्या खोडदलाच आहेत असं छापू नका. तिकडे जाताना मोबाइल बंद ठेवायला सांगतात, कारण दुर्बीण पकडते त्या लहरी फार क्षीण असतात आणि फोनचा आवाज त्यांना बुडवतो. सहलीच्या पानावर ही सूचना ठळक टाका.